स्टीमर थेंब का उडवतो?

प्रश्न : मुलाने दिवाळीत हातात धरायचा स्टीमर आणून दिला. जॉर्जेटच्या साडीवर छान चालतो. पण ह्यांच्या सुती सदऱ्याच्या चुण्या जात नाहीत आणि मधूनच पाण्याचे थेंब उडतात. पैठणीवर फिरवू का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, थेंबांचं आधी. माझ्या स्टीमरने पहिल्याच दिवशी टसरच्या ब्लाउजवर दोन डाग पाडले, ते अजून आहेत. चूक माझीच. प्लग लावल्या लावल्या बटण दाबलं. पाणी पुरतं तापलेलं नसलं, की वाफेबरोबर तेही बाहेर येतं. आता पहिले दोन-तीन झोत मी बेसिनमध्ये सोडते. यंत्र फार तिरकं धरू नका. बोअरचं पाणी तर नकोच, क्षार साचून छिद्रं बुजतात.

सदऱ्याचं म्हणाल, तर सुती कापडाला वाफेबरोबर दाबही लागतो, तो स्टीमरकडे नाही. सदरा किंचित दमट असतानाच हँगरला लावा, खालचा काठ ताणून धरा आणि आतल्या बाजूने वाफ द्या. (हात वाफेच्या वाटेत नको, चटका चांगलाच बसतो.) कॉलर आणि कफ मात्र इस्त्रीनेच. खळ घातलेल्या कपड्यावर वाफ मारलीत, तर सगळा कडकपणा जाईल.

पैठणीवर मी स्टीमर फिरवत नाही. रेशमावर थेंबाचा डाग पडतो, जरीला ओल सोसत नाही. वर जुनं सुती धोतर पसरून कोमट इस्त्री करते, तीही उलट बाजूने.