गादी ‘सरकली’, आता काय?

एमआरआयमध्ये कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकल्याचं निघालं. ती दाबून जागेवर बसवता येते का?

नाही. मुळात ‘सरकली’ हा शब्दच घोटाळा करतो, कारण गादी जागची हलत नाही. तिचं बाहेरचं कडं चिवट तंतूंचं असतं आणि आत मऊ गर. कड्याला चीर पडली की गर बाहेर येतो, शेजारच्या नसेला टेकतो आणि तिथे सूज आणतो. म्हणून दुखणं कंबरेत, पण खरी कळ पायात. खोकताना, शिंकताना ती सणकन उतरते. मणका कडकन वाजवून हा गर आत ढकलता येत नाही. तसं कुणाकडूनही करून घेऊ नका, कळकळीने सांगते. बाहेर आलेला गर बऱ्याचदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. बहुतेकांची कळ 6 ते 12 आठवड्यांत बरीच उतरते.

माझ्या रिपोर्टमध्ये तीन गाद्या खराब लिहिल्या आहेत, त्रास मात्र थोडाच आहे. ऑपरेशन करून टाकू का?

रिपोर्टवरून ऑपरेशन ठरत नाही. ज्यांची कंबर कधीच दुखली नाही, अशांच्याही एमआरआयमध्ये फुगलेल्या गाद्या दिसतात, आणि वय वाढेल तशा जास्तच. मी फिल्म नंतर बघते. आधी पेशंटच्या पायाच्या अंगठ्यावर बोट ठेवून ‘वर उचला’ म्हणते. मग टाचांवर चालायला लावते, मग एका पायाच्या चवड्यावर उभं राहायला. अंगठ्यात जोर नसेल तर बहुधा एक नस, चवड्यावर उभं राहता येत नसेल तर तिच्या खालची. पायाने सांगितलेलं आणि फिल्मवर दिसलेलं जुळलं, तरच त्या रिपोर्टला अर्थ.

नीट उपचार करूनही सहा-आठ आठवड्यांनंतर पायाची कळ असह्य असेल, किंवा पायातली ताकद कमी होत चालली असेल, तर ऑपरेशनचा विचार जरूर करावा. त्याने कळ लवकर थांबते. पण वर्षभराने पाहिलं तर ऑपरेशन केलेले आणि न केलेले यांच्यात फारसा फरक उरत नाही. तुम्हाला घाई नाही.

आईला तीन आठवडे झोपून राहायला सांगितलंय. ते बरोबर आहे का?

एक-दोन दिवस ठीक, त्यापुढे झोपून नुकसानच. मोठ्या माणसांच्या गादीला जवळजवळ थेट रक्तपुरवठा नसतो, तिचं पोषण आजूबाजूने झिरपून होतं आणि हालचालीने त्याला मदत होते. आईंना उठताना आधी कुशीवर वळू दे, पाय कडेवरून खाली सोडू दे, मग हाताचा रेटा देऊन बसू दे. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं चालवा. कळ पावलातून वर कंबरेकडे यायला लागली तर सहसा गाडी रुळावर आहे, कंबर तात्पुरती जास्त दुखली तरी. उलट पावलाकडे उतरू लागली तर तो व्यायाम थांबवून फिजिओथेरपिस्टला दाखवा.

पुन्हा होऊ नये म्हणून काय करू?

सिगारेट सोडा, ती गादीची झीज वाढवते. वजन अंगालगत धरून उचला, उचलताना कंबर पिळू नका. अर्ध्या तासाने खुर्ची सोडा. पाठ-पोटाचे व्यायाम बरं वाटल्यावरही चालू ठेवा.

दवाखान्यात ताबडतोब कधी जायचं?

लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर वाटू लागली, दोन्ही पाय लुळे पडू लागले, यातलं एकही झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. सकाळपर्यंत थांबण्यात गेलेले तास हा ताबा कायमचा घालवू शकतात.