असिंक कोड थांबवून चालवण्याआधी

सी-शार्पमध्ये असिंक मेथडचं (म्हणजे काम संपायच्या आधीच परत येऊन उत्तर नंतर देणाऱ्या मेथडचं) उत्तर लगेच हातात हवं म्हणून टास्कला, म्हणजे ती परत देते त्या चालू कामाच्या ऑब्जेक्टला, डॉट रिझल्ट लावलंस आणि बटण दाबताच विंडो हँग झाली, बरोबर? प्रत्येकाचं एकदा होतंच. माझी अख्खी दुपार त्यात गेली होती, आणि मी आपला डेटाबेसला दोष देत बसलो होतो.

घडतं काय ते बघ. स्क्रीन सांभाळणारा थ्रेड, म्हणजे कोड ओळीमागून ओळ चालवणारा धागा, एकच. डॉट रिझल्ट आलं की तो उत्तराची वाट बघत तिथेच अडतो. इकडे मेथडमधल्या अवेटनंतरच्या (अवेट म्हणजे थ्रेड न अडवता उत्तराची वाट बघणं) ओळींना चालायला तोच थ्रेड हवा असतो. दोघंही एकमेकांसाठी खोळंबतात. हाच डेडलॉक. कन्सोल प्रोग्रॅममध्ये मात्र तोच कोड बिनबोभाट चालतो, म्हणून जास्तच फसायला होतं.

सुरुवातीला एवढं पाळ:

- अडवू नकोस, अवेट कर. बोलावणारी मेथड असिंक कर, तिला बोलावणारीही. वैताग येतो खरा, पण सी-शार्प ७.१ पासून मेनसुद्धा असिंक करता येते.
- कन्स्ट्रक्टर असिंक होत नाही, आणि नेमका तिथेच डॉट रिझल्ट घुसवायचा मोह होतो. त्याऐवजी कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट ठेव आणि ऑब्जेक्ट तयार करून देणारी स्टॅटिक असिंक मेथड लिही.
- असिंक व्हॉइड फक्त इव्हेंट हँडलरला. एरवी टास्क परत कर, नाहीतर एरर बोलावणाऱ्या मेथडच्या ट्राय-कॅचमध्ये सापडणारच नाही.

कॉन्फिगर-अवेट वगैरे आत्ता राहू दे. आधी प्रोजेक्टमध्ये डॉट रिझल्ट आणि तसंच अडवणारं डॉट वेट शोध, किती निघतात ते सांग.