काडेपेटी कुणाच्या सॅकमध्ये?

प्रश्न : मी शाळेत भूगोल शिकवते. दर हिवाळ्यात नववीच्या मुलांना घेऊन आम्ही एखाद्या गडावर मुक्कामी जातो. मागच्या अंकात आपण पॉल पेट्झोल्ट या अमेरिकी गिर्यारोहकाचा ओझरता उल्लेख केला होता. हे गृहस्थ कोण? त्यांचं काही आमच्या मुलांच्या उपयोगी पडेल का?
– एक शिक्षिका, जुन्नर

उत्तर : ताई, पडेल. मला स्वतःला पडलं आहे.

1938 साली चार्ल्स ह्यूस्टन यांच्या नेतृत्वाखाली एक अमेरिकी तुकडी के-टू या जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखरावर गेली. ह्यूस्टन आणि पेट्झोल्ट सर्वांत वरच्या तंबूत पोहोचले, तेव्हा लक्षात आलं की काडेपेट्या खालीच राहिल्या. खिसे उलटेपालटे केल्यावर सुट्या काड्या निघाल्या, मोजून नऊ. तिथे प्यायचं पाणी म्हणजे वितळवलेला बर्फ. स्टोव्ह पेटला नाही तर घोटभरही पाणी नाही. दुसऱ्या दिवशी, 21 जुलैला, दोघं कृत्रिम प्राणवायूशिवाय सुमारे 26,000 फुटांपर्यंत चढले आणि धडधाकट परतले. शिखर राहिलं. मुलांना मी ही गोष्ट नेहमी सांगतो, कारण एवढ्या तयारीच्या माणसांचंही काडेपेटीपाशी अडलं होतं.

पेट्झोल्ट 16 वर्षांचे असताना, 1924 मध्ये, अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातल्या ग्रँड टेटन या शिखरावर एका मित्राबरोबर गेले. पायात गुराख्यांचे बूट, अंगावर पुरेसे गरम कपडे नाहीत. बर्फात पायऱ्या कोरल्या त्या खिशातल्या चाकूने. पहिल्या प्रयत्नात वादळात रात्र काढावी लागली, जीव थोडक्यात वाचला. दुसऱ्या प्रयत्नात माथा गाठला. पुढे त्याच डोंगरांत त्यांनी वाटाड्याचा व्यवसाय केला, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या पर्वतीय तुकडीला शिकवलं.

1964 मध्ये अमेरिकेत रानं आहेत तशी राखण्याचा कायदा झाला. कायद्याने रान राखलं, पण त्यात येणाऱ्यांना तिथे राहायला कोण शिकवणार? पेट्झोल्ट यांनी 1965 मध्ये लँडर या गावी ‘नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल’ काढली. तरुणांना महिनाभर विंड रिव्हरच्या डोंगरांत न्यायचं, स्वयंपाक, नकाशा, दोर सगळं त्यांच्याकडूनच करून घ्यायचं. मुलींसाठीही दारं लवकरच उघडली. रानाची माया भाषणाने लागत नाही, तिथे नीट राहता आलं की लागते, ही त्यांची धारणा मला पुरती पटते. 1984 मध्ये, 76व्या वर्षी, ते पुन्हा ग्रँड टेटन चढले. 1999 मध्ये गेले.

त्यांचा सगळ्यांत मोठा भर होता मोहिमेतल्या वागण्यावर. कोण थकलंय, कोण गप्प झालंय, कुणाच्या पाठीवर जास्त ओझं आहे, हे बघणं म्हणजेच नेतृत्व. हे मला फार उशिरा कळलं. एका ट्रेकला माझ्या गटातला एक मुलगा मागे पडला. आम्ही माथ्यावर फोटो काढत होतो आणि तो धुक्यात अर्धा तास एकटा बसून होता. सुखरूप सापडला. पण त्याच्या आईशी बोलताना माझी मान वर होत नव्हती. तेव्हापासून सगळ्यांत सावकाश चालणारं मूल पुढे आणि एक जबाबदार मोठं माणूस शेवटी.

त्यांचा एक हिशेबही वापरा. सपाटीवरचा एक मैल चालायला लागते तेवढी शक्ती म्हणजे एक माप. दर हजार फूट चढाला त्यात दोन मापं मिळवायची. गडाची वाट तीन मैलांची आणि चढ दोन हजार फूट असेल, तर मुलं प्रत्यक्षात सात मैलांएवढी दमणार. निघायची वेळ, पाणी, खाऊ त्यावरून ठरवा. हा हिशेब मुलांनाच मांडू द्या, भूगोलाचा तासही होईल.

मुक्कामी झाडं तोडून चूल नको, स्टोव्ह न्या. शौचासाठी टाक्यापासून निदान 200 फूट लांब, वीतभर खोल खड्डा, आणि नंतर माती. खुरपं सोबत असू द्या. पाकिटं, पिशव्या, उरलेलं अन्न जाताना खाली न्यायचं.

काडेपेट्या दोन घ्या, दोन वेगवेगळ्या सॅकमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. आदल्या संध्याकाळी त्या कुणाकडे आहेत, हे एखाद्या मुलीला सगळ्यांसमोर मोठ्याने विचारायला सांगा.