कंत्राटी कामाचे नियम कडक झाले, तर रोजगार घटतो का?

प्रश्न : माझा मुलगा आयटीआय करून अंबड एमआयडीसीत ठेकेदारामार्फत फिटरचे काम करतो. दर काही महिन्यांनी त्याला ‘ब्रेक’ दिला जातो, म्हणजे काही दिवस कामावरून बंद ठेवले जाते. नियम आणखी कडक झाले तर आहे तेही काम जाईल, असे सुपरवायझर म्हणतात. हे खरे आहे का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : नियमांचा परिणाम रोजगाराच्या संख्येपेक्षा त्याच्या स्वरूपावर अधिक होतो, असे माझे मत आहे. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा २० किंवा अधिक कंत्राटी कामगार असलेल्या ठिकाणी लागू होता, महाराष्ट्राने ती मर्यादा पुढे ५० वर नेली. दुसरीकडे, १०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कामगारकपातीसाठी सरकारची परवानगी लागत असे. त्यामुळे ऑर्डर वाढली तरी मालक कायम भरती टाळून ठेकेदाराकडून माणसे घेऊ लागले. म्हणजे काम गेले नाही, ते कंपनीच्या रोलवरून ठेकेदाराच्या मस्टरवर (हजेरीपटावर) गेले. (फिटरचे काम करणारा कागदोपत्री ‘हेल्पर’ असतो, हे अंबड-सातपूरच्या वाचकांना सांगायला नको.)

जर्मनीने २००३ च्या सुमारास एजन्सीमार्फत दिल्या जाणाऱ्या कामगारांवरील मुदतीची बंधने उठवली, तेव्हा त्यांची संख्या झपाट्याने वाढली; २०१७ मध्ये १८ महिन्यांची मर्यादा आणि साधारणपणे ९ महिन्यांनंतर समान वेतन असे नियम आल्यावर ती पुढे घटली. मात्र त्याच सुमारास तेथील मोटार उद्योगही मंदावला होता, म्हणून सारी घट नियमांच्या माथी मारता येत नाही. सुपरवायझरांचा युक्तिवाद इथेच लंगडा पडतो. जेथे कंत्राटी कामगार केवळ स्वस्त पडतो म्हणून घेतला जातो, तेथे समान वेतनाने ते आकर्षण कमी होते. पण मशीन चालवायला माणूस तर लागतोच.

नोव्हेंबर २०२५ मध्ये जुन्या कामगार कायद्यांच्या जागी लागू झालेल्या कामगार संहितांनी कपातीच्या परवानगीची मर्यादा ३०० वर नेली आणि मुख्य उत्पादनकामात कंत्राटी कामगार घेण्यास, काही अपवाद ठेवून, मनाई केली. मनाईमुळे मुलगा आपोआप कायम होईल असे मात्र समजू नये. जुन्या कायद्याखालील मनाईबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये तसा हक्क नाकारला होता. ठेकेदाराने पगार थकवल्यास तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. म्हणून त्याच्या पगारपावत्या, गेटपास आणि पीएफ पासबुकाच्या प्रती प्रत्येक ‘ब्रेक’पूर्वी जपून ठेवाव्यात.