वडिलांना पेसमेकर बसवून एव्ही नोड जाळायला सांगितलंय. एकदा केलं की परत फिरता येत नाही म्हणे. करावं का?

वडिलांचं वय ७१, चार वर्षांपासून कायमचं एएफ (हृदयाची लय बिघडण्याचा आजार), लय सुधारायला दोनदा शॉक देऊन झालेला, गोळ्यांचा डोस वाढवला की बीपी पडतं आणि हृदयाचं पंपिंग ५५ टक्क्यांवरून ३८ वर आलंय, असं तुम्ही लिहिलंय. आकडे थोडे इकडेतिकडे केले तर ही माझीच फाइल आहे. मी हे तीन वर्षांपूर्वी करून घेतलं. डॉक्टर नाही, जकात नाक्यावर नोकरी करून निवृत्त झालेला माणूस आहे, तेव्हा त्या हिशेबानेच वाचा.

नाक्याचं मुद्दाम सांगितलं, कारण मला हे प्रकरण तिथूनच उमगलं. एएफमध्ये हृदयाचे वरचे कप्पे मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे वेळा नुसते थरथरत असतात. एव्ही नोड हा वरून खाली जायच्या वाटेवरचा नाका. तो जमेल तेवढं अडवतो, तरी सव्वाशे-दीडशे ठोके, तेही वेडेवाकडे, खाली सुटतातच. मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन या गोळ्या म्हणजे नाक्यावरच्या माणसाला आणखी कडक व्हायला सांगणं. वडिलांना सुचवलंय त्यात तो रस्ताच कायमचा बंद करतात आणि खालच्या कप्प्यांना ठोका द्यायचं काम पेसमेकरकडे जातं.

आता एक घोळ आधी निस्तरा. ‘अ‍ॅब्लेशन’, म्हणजे जाळणं, हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात. फुफ्फुसांकडून रक्त आणणाऱ्या शिरांच्या तोंडाशी करतात ते लय परत यावी म्हणून. एएफची ठिणगी बऱ्याचदा त्या शिरांमध्येच पडते, हे १९९८ मध्ये फ्रान्सच्या बोर्दो शहरातल्या डॉक्टरांनी दाखवलं होतं. ते फसलं तर पुन्हा करता येतं, नाका शाबूत राहतो. तुमचं प्रकरण दुसरं आहे. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा की तो पहिला मार्ग वडिलांसाठी खरंच संपलाय का, आणि कशामुळे. माझा डावा वरचा कप्पा फार मोठा झाला होता, त्यामुळे लय टिकायची आशा कमी होती. हे मी दुसऱ्या एका ईपी डॉक्टरकडूनही ऐकून घेतलं. ईपी म्हणजे हृदयाच्या लयीचंच काम करणारे. अँजिओप्लास्टी करणारे सगळेच यातले नसतात.

‘परत फिरता येत नाही’ या चार शब्दांवर मी आठ महिने अडून बसलो. घरात कुणी विषय काढला की उठून गच्चीवर जायचो, म्हणजे जिना चढवेपर्यंत. मग एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला आणि पंपिंग ४० वरून ३२ वर आलेलं निघालं. ते परत वर येईल असं तरी कोण लिहून देत होतं?

शेवटी मला सोडवलं ते एका साध्या गोष्टीने. हे दोन निर्णय आहेत, एक नाही. आमच्या डॉक्टरांनी आधी फक्त पेसमेकर बसवला आणि सहा आठवडे घरी पाठवलं. तेवढ्यात पेसमेकरची हृदयातली तार नीट रुजते, यंत्र बरोबर चाललंय ना ते दिसतं. शिवाय ठोके फार खाली जायची भीती नसल्याने गोळ्या थोड्या वाढवून बघता येतात. माझ्या बाबतीत गोळ्यांनी भागलं नाही, पण जाळायला ‘हो’ म्हणताना छातीत चालू असलेलं, तपासलेलं यंत्र होतं. काही ठिकाणी दोन्ही एकाच बैठकीत करतात. तुमच्याकडे टप्प्याने करता येईल का, विचारा.

आणि पेसमेकर कुठला, हे जाळण्याइतकंच महत्त्वाचं आहे. उजव्या खालच्या कप्प्यात एकच तार टाकून वर्षानुवर्षं प्रत्येक ठोका तिथून दिला, तर काहींचं पंपिंग त्यामुळेच उतरतं. ३८ वर असलेल्या माणसाला ते परवडणारं नाही. म्हणून दोन्ही बाजूंना ठोका देणारा सीआरटी, किंवा हृदयाच्या स्वतःच्या वायरिंगजवळ, डाव्या बंडलपाशी तार बसवायची अलीकडची पद्धत, यातलं काय करणार ते स्पष्ट विचारा. युरोपातल्या डॉक्टरांचा एक अभ्यास २०२१ मध्ये आला. हार्ट फेल्युअरमुळे अ‍ॅडमिट व्हावं लागलेले, कायमचं एएफ असलेले १३३ रुग्ण होते. सीआरटी बसवून नोड जाळलेल्यांपैकी ११ टक्के दगावले, गोळ्यांवर ठेवलेल्यांपैकी २९ टक्के. आकडा छोटा आहे आणि सगळ्यांना लागू नाही, पण माझ्या डॉक्टरांनी तो कागदावर लिहून दाखवला तेव्हा मला बरं वाटलं.

प्रत्यक्ष काम जांघेतल्या शिरेतून, अर्ध्या तासात. जाळून झाल्यावर त्यांनी पेसमेकर हळूहळू खाली आणून बघितलं, माझं स्वतःचं काय उरलंय ते. मिनिटाला ३४. काहींचं तेवढंही नसतं. ते चार-पाच सेकंद मी विसरलेलो नाही. बाकी सगळ्यात वाईट म्हणजे नंतर पाच तास पाय न हलवता पडून राहणं, आणि त्यात लघवीला लागणं.

सुरुवातीचे दोन महिने नाडी मुद्दाम ९० वर ठेवली होती. इतके दिवस धावलेलं हृदय एकदम मंद केलं तर धोकादायक लय उठू शकते, म्हणून. नंतर ७०. रक्त पातळ करायची गोळी मात्र चालूच आहे, कारण वर एएफ तसंच आहे, गुठळीची भीतीही तशीच. बरं वाटतंय म्हणून ती गोळी कुणी बंद करू नये.

किंमत मोजतो का? हो. मध्यरात्री जाग आली की बॅटरीचा विचार येतो. मागच्या तपासणीत अजून सहा वर्षं दाखवली. मग डबी बदलायची. मोबाइल शर्टाच्या खिशातून पँटच्या खिशात गेला, इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट लांब राहतो. पंपिंग ४४ झालंय, ५५ नाही. खर्चाचं म्हणाल तर हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटून सरकारी आरोग्य योजनेत कुठला पेसमेकर बसतो ते आधी बघा, सीआरटी बराच महाग असतो.

तुमच्या प्रश्नात वडील स्वतः काय म्हणतात ते कुठेच नाही. आमच्याकडेही सगळं मुलगाच बोलत होता. शेवटी डॉक्टरांनी त्याला बाहेर बसायला सांगितलं आणि मला विचारलं, “काका, काय जमत नाही म्हणून जास्त वाईट वाटतं?” मी म्हणालो, अंघोळ. दोन तांबे घेतले की स्टुलावर बसावं लागतं. ते म्हणाले, तेवढं व्हायला हरकत नाही. स्टूल अजून न्हाणीघरात आहे, त्यावर आता साबणाचा डबा असतो.