तिसऱ्या पिढीच्या पोराला

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

आजोबा रणजी खेळले, वडील रणजी खेळले, दोघेही फलंदाज. तुला मात्र चौदाव्या वर्षी फास्ट बोलिंग करायची आहे, आणि घरात त्यावरून धुसफूस चालली आहे. ती थांबणार नाही, तिची सवय करून घे. पण "आपल्या घरात बोलर नसतात" असं कुणी म्हणालं, तर हेडलींचं घर पुढे कर. जॉर्ज हेडली वेस्ट इंडिजचे फलंदाज: २२ कसोटी, १० शतकं, सरासरी ६०.८३. मुलगा रॉन सलामीला खेळायचा. त्याची हयात वूस्टरशायर कौंटीत गेली आणि १९७३ साली दोन कसोटी मिळाल्या. नातू डीन इंग्लंडकडून खेळला, तोही फास्ट बोलर म्हणून: १५ कसोटींत ६० बळी. तीन पिढ्या कसोटी खेळलेलं हे पहिलं घर, आणि तिसऱ्या पिढीत देशही बदलला नि कामही.

आपल्याकडे मांकडांचं बघ. विनू मांकड डावखुरे फिरकी गोलंदाज आणि सलामीचे फलंदाज. १९५२ साली इंग्लंडमधल्या लँकेशायर लीगच्या हॅसलिंग्डन क्लबचे व्यावसायिक खेळाडू होते. तिथून लॉर्ड्स कसोटीसाठी आले, ७२ आणि १८४ धावा केल्या आणि ७३ षटकं टाकून पाच बळी घेतले. (त्याच हॅसलिंग्डनला त्यांच्या आधी जॉर्ज हेडली होते.) मुलगा अशोक मुख्यतः फलंदाज, २२ कसोटी. त्याचा मुलगा हर्ष आईच्या, म्हणजे निरुपमा मांकड यांच्या, वाटेनं टेनिसकडे गेला आणि डेव्हिस कप खेळला. एका घरात तीन पिढ्यांनी तीन वेगळी कामं केली.

तेव्हा दोन फलंदाजांच्या घरात बोलर जन्मला याचं वाईट वाटून घेऊ नकोस. उलट तुझ्या हाताशी दोन हेर आहेत. आजोबांना त्यांची शतकं विचारू नकोस, ती ते न विचारता सांगतात. त्यांना विचार, कुठला बॉल नको वाटायचा आणि का. मुंबईतला कांगा लीग १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळला जातो. त्या ओल्या विकेटवर बॉल अडून येतो, बॅट आधी पुढे जाते आणि झेल उडतो. हे आजोबांना सोसावं लागलं आहे. त्यांच्याकडून काढून घ्यायच्या गोष्टी अशा: टप्पा किती पुढे, वेग किती कमी, ओला बॉल हातातून सुटू नये म्हणून काय करायचे. रुमाल दोन ठेव, एक कोरडा खिशात, एक कमरेला. रनअपचा शेवटचा भाग ओला असेल तर भुसा मागून घे. लाजून तसाच धावलास तर पुढचा पाय घसरून मांडीचा स्नायू जाईल.

वडिलांना असं वापर. आठवड्यातून एकदा त्यांना पॅड, हेल्मेटसह क्रीझवर उभं कर. बॉल खेळायचा नाही, नुसता सोडायचा. बॉल आत येणार की बाहेर जाणार हे ज्या क्षणी कळेल, त्या क्षणी त्यांनी मोठ्यानं "आत" किंवा "बाहेर" म्हणायचं. २४ बॉल. तुझ्या हातातून सुटायच्या आधीच ते बोलले, तर तू पकड दाखवतोयस किंवा मनगट आधीच वळवतोयस. टप्पा पडेपर्यंत ते गप्प राहिले, तर तो बॉल वहीत लिही. ही सोय पैसे भरून कुठल्या कोचिंगमध्ये मिळायची नाही. आणि वडिलांना थ्रोडाऊन, म्हणजे सरावासाठी हातानं फेकायचे बॉल, टाकायला लावू नकोस. पन्नाशीनंतर खांदा जातो. टाकायचेच असतील तर साइडआर्म, म्हणजे बॉल फेकायची लांब दांड्याची पळी, घ्या.

पकड साधी ठेव. पहिली दोन बोटं सीमच्या, म्हणजे बॉलच्या शिवणीच्या, दोन बाजूंना, अंगठ्याची कड खाली सीमवर, तळवा आणि बॉल यांच्यामध्ये फट. फट राहिली नाही तर मनगटाला झटका मिळत नाही. रनअप रोज नव्यानं अंदाजानं घेऊ नकोस. क्रीझवरून उलटा धाव, सहज उडी येते तिथे खूण कर. असं दहा वेळा करून मधली खूण धर, मग टेपनं मोज आणि आकडा पाठ कर. नेटमध्ये क्रीझची रेघ आखल्याशिवाय टाकायचं नाही. तिथे कुणी नो बॉल देत नाही, म्हणून पाय दर महिन्याला चार बोटं पुढे सरकतो आणि मॅचमध्ये सगळं बिघडतं.

आता पाठीबद्दल. याच्यावर मी जास्त बोलणार आहे.

चौदा ते अठरा या वयात कमरेच्या मणक्याची हाडं अजून पुरती कणखर झालेली नसतात. तुझी ॲक्शन मागून आणि बाजूनं मोबाइलवर टिप. मागचा पाय पडतो त्या क्षणाला चित्र थांबव. कंबर आणि खांदे एकाच दिशेला असले पाहिजेत, दोन्ही आडवे (अंगाची बाजू फलंदाजाकडे) किंवा दोन्ही समोर (छाती फलंदाजाकडे). कंबर समोर आणि खांदे आडवे असतील, किंवा कंबर आडवी नि खांदे समोर, तर प्रत्येक बॉलला मणका पिळला जातो. यालाच मिश्र ॲक्शन म्हणतात आणि यातून मणक्याला बारीक चीर जाऊ शकते. उजव्या हातानं टाकणाऱ्याला ती बहुधा डावीकडे जाते. डाव्या पायावर उभं राहून मागे वाकलं की दुखतं, ही तिची खूण. दुखलं की त्याच दिवशी थांब. साध्या एक्स-रेत सुरुवातीची चीर अनेकदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. म्हणून एक्स-रे चांगला आला म्हणून परत टाकायला जाऊ नकोस. चार दिवस बर्फ लावून खेळत राहिलास तर काही आठवड्यांची विश्रांती काही महिन्यांवर जाईल.

इंग्लंडच्या बोर्डानं चौदा-पंधरा वर्षांच्या फास्ट बोलरला घालून दिलेली मर्यादा म्हणजे एका स्पेलमध्ये (सलग टाकलेल्या षटकांत) ६ षटकं, दिवसात १२. मुंबईत गोंधळ वेगळाच होतो. शाळेचे सर सकाळी आठ षटकं टाकायला लावतात, क्लबचे सर संध्याकाळी नेटमध्ये अर्धा तास, रविवारी तिसरे सर. तिघांनाही आपापली षटकं थोडीच वाटतात आणि बेरीज कुणीच करत नाही. ती तू करायचीस. वहीत तारीख, मॅच की नेट, आणि बॉल किती. नेटला ३६ बॉल पुरे. आठवड्यात चारपेक्षा जास्त दिवस नको, सलग तिसरा दिवस तर नकोच. हॅरिस शील्डच्या, म्हणजे शालेय स्पर्धेच्या, दिवसांत हे पाळणं जड जाईल. तेव्हा नेट सोड, मॅच सोडू नकोस.

बॅटिंग सोडायची नाही. पण आजोबांची बॅट मॅचला नेऊ नकोस. लाकूड इतक्या वर्षांत सुकलेलं असतं, कडेला नवा बॉल लागला की ढलपी उडते. तुझी उंची पाच फूट चार इंच असेल तर हॅरो साइज (लहान मुलांच्या आणि मोठ्यांच्या मापांमधली) घे, वजन ११०० ग्रॅमच्या आत. दुकानात, हँडलवर जो हात वर असतो त्या एकाच हातानं बॅट समोर आडवी धर आणि दहा आकडे मोज. टोक खाली गेलं तर ती परत ठेव, दुकानदार काहीही म्हणो. तयार करताना कच्चं अळशीचं तेल एक चमचा, बॅटच्या पुढच्या सपाट बाजूला, कडांना आणि तळाला. हँडलच्या सांध्याला नाही. आडवी ठेवून एक दिवस मुरू दे. असं दोनदा, फार तर तीनदा. बॅट तेलाच्या डब्यात बुडवून उभी करायची जुनी रीत आजोबा सांगतील, ती ऐकून सोडून दे. त्यानं बॅट जड होते आणि मेलेली वाजते. मग लाकडी मॅलेटनं (हातोडीनं) पाच-सहा तास ठोक, पण थोडे थोडे करून. कडांवर तिरकं ठोकायचं, सरळ नाही. शेवटी जुन्या बॉलचे हलके झेल खेळून बघ: सीमचे वण उमटले तर अजून ठोकायला हवी. पावसाळ्यात तळाला टो गार्ड, म्हणजे टोक वाचवणारी पट्टी, लाव. ओल्या मैदानावर बॅट टेकवत उभं राहिलं की टोक पाणी पितं, फुगतं आणि फाटतं.

आडनावाचं थोडं. त्याचा फायदा एवढाच की निवड चाचणीत पहिल्या दोन षटकांना लोक मान वर करून बघतील. तिसऱ्या षटकापासून तू बाकीच्यांसारखा. आणि आकड्यांची तुलना करणारा एक तरी काका प्रत्येक घरात असतोच. त्याला अमरनाथांचं गणित सांग. लाला अमरनाथांनी १९३३ साली बॉम्बे जिमखान्यावर पहिल्याच कसोटीत शतक केलं. त्यांच्या थोरल्या मुलानं, सुरिंदरनं, १९७६ साली ऑकलंडला पहिल्याच कसोटीत शतक केलं. सुरिंदरचा धाकटा भाऊ मोहिंदर १९६९ साली पहिली कसोटी खेळला, दुसरीसाठी सहा वर्षं थांबला, आणि त्याचं पहिलं शतक आलं १९७७ साली पर्थला. सुरिंदरच्या कसोटी १०, मोहिंदरच्या ६९.

मुंबईत जागा मिळाली नाही तर दुसऱ्या राज्यातून खेळण्यात कमीपणा नाही. रोहन गावसकर बंगालकडून खेळला. अर्जुन तेंडुलकर २०२२ मध्ये गोव्याकडे गेला आणि पहिल्याच रणजी सामन्यात राजस्थानविरुद्ध १२० केल्या, आणि त्याचं मूळ काम डावखुऱ्या फास्ट बोलरचं. फक्त ना-हरकत पत्र आपल्या असोसिएशनकडून लेखी घ्यायचं, हंगामाआधी, आणि प्रत घरी ठेवायची. तुला त्याला अजून पाच वर्षं आहेत. जन्मदाखला मात्र आत्ताच नीट करून ठेव. शाळेच्या दाखल्यावरचं आणि त्यावरचं नाव अक्षरशः एक हवं.

घरच्यांशी एक करार कर: मॅचहून परतताना लोकलमध्ये मॅचबद्दल चकार शब्द नाही. रात्री जेवणानंतर विचारायचं ते विचारा. पहिला आठवडा वडिलांना जड जाईल, आजोबांना तर महिनाभर.

पुढच्या पत्रासोबत वहीच्या चार आठवड्यांच्या पानांचे फोटो पाठव. बळी किती मिळाले ते नको, बॉल किती टाकलेस ते हवं.

तुझा,
काका