हत्तींच्या सेवेसाठी थायलंडला जायचे आहे

प्रश्न : मी 24 वर्षांची वाणिज्य पदवीधर असून थायलंडमध्ये, चियांग माईजवळच्या एका हत्ती केंद्रात महिनाभर स्वयंसेवक म्हणून जाण्याची माझी इच्छा आहे. राहण्या-जेवण्यासह दर आठवड्याचे शुल्क भरावे लागते. हत्तींना रोज नदीत अंघोळ घालता येईल आणि पिल्लांशी खेळता येईल, असे माहितीपत्रकात म्हटले आहे. काम आपणच करायचे आणि वर पैसेही आपणच द्यायचे, हे घरच्यांना पटत नाही. पशुवैद्यकाचे शिक्षण नसताना माझा तेथे उपयोग होईल का?

उत्तर : घरच्यांची शंका रास्त आहे, परंतु शुल्क घेतले जाते म्हणून फसवणूक आहे, असे समजू नये. थायलंडने 1989 मध्ये नैसर्गिक जंगलांतील व्यापारी लाकूडतोड बंद केली, तेव्हा ओंडके ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत एकाच वेळी बेकार झाले. काही जण शहरांच्या रस्त्यांवर भीक मागत हिंडू लागले आणि बरेचसे पर्यटनाकडे वळले. अशा हत्तींपैकी बहुतेकांना आता जंगलात सोडता येत नाही. मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खातो, त्यातला निम्माही त्याला पचत नाही, आणि हे साठ-साठ वर्षे चालते. दारी हत्ती झुलणे हे वैभवाचे लक्षण मानले जाई, ते उगाच नव्हे. तुमच्या शुल्काचा मोठा भाग चारा, औषधे आणि माहुतांचे पगार यांवर खर्च होतो का, एवढे मात्र स्पष्ट विचारून घ्यावे.

मला खटकते ती अंघोळ आणि पिल्ले. हत्तीला पाणी आवडते, पण ठरलेल्या वेळी अनोळखी माणसांच्या गर्दीत त्याने निमूट उभे राहायचे म्हणजे माहुताचा धाक हवाच, आणि तो धाक बहुधा लहानपणीच आईपासून तोडून, बांधून, मारून बसवलेला असतो. शिवाय यात माणसाच्या जिवालाही धोका आहे : जानेवारी 2025 मध्ये दक्षिण थायलंडमध्ये हत्तीला अंघोळ घालत असताना एका स्पॅनिश तरुणीचा मृत्यू झाला. पिल्लांविषयी तर सरळ विचारावे की ती आली कोठून. सुटका केलेल्या हत्तींच्या केंद्रात खेळायला सदैव पिल्ले हजर असतील, तर ती पाहुण्यांसाठीच जन्माला घातली जात असावीत, असा संशय घेण्यास जागा आहे. माझ्या मते, जे केंद्र पाहुण्यांना हत्तीपासून जितके लांब ठेवते, तितके ते अधिक विश्वासाचे. साखळदंड दिसला की लगेच नाक मुरडू नये, कारण माजावर आलेला नर काही काळ वेगळा ठेवावाच लागतो. हत्ती दिवसाचे किती तास मोकळे चरतात, हा प्रश्न अधिक कामाचा आहे.

पदवीची अडचण नाही. उपचार पशुवैद्य आणि माहूत करतात. स्वयंसेवकाकडे लीद उचलणे, मक्याची ताटे कापणे, ट्रकमधून आलेले भोपळे आणि कलिंगडे उतरवून धुणे अशी कामे येतात. हत्तीला जन्मभरात दाढांचे सहा संच येतात आणि शेवटचा झिजला की कडक चारा चावता येत नाही. अशा म्हाताऱ्या हत्तिणींसाठी भात, पिकलेली केळी आणि चिंच मळून मुटके वळावे लागतात. हात कोपरापर्यंत चिकट होतात, आणि पुढच्या जेवणाला पुन्हा तेच. वर्षानुवर्षे काँक्रीटवर उभे राहिलेल्या हत्तींची नखे तडकतात, तळव्यात गळू होते. ते धुऊन काढणे माहुताचे काम, त्याला बादल्या भरून देणे तुमचे. हे वाचून उत्साह टिकला, तर जरूर जावे.

चियांग माईच्या उत्तरेला मे तेंग खोऱ्यातील 'एलिफंट नेचर पार्क' स्वयंसेवक घेते. तेथे हत्तीवर बसणे किंवा कसरती नाहीत. तुमच्या केंद्राच्या अटी त्याच्याशी ताडून पाहाव्यात. थायलंडच्या कायद्यात विनावेतन कामालाही परवाना लागू शकतो, म्हणून कोणता व्हिसा काढायचा हे केंद्राकडून लेखी घ्यावे. क्षयरोग माणसापासून हत्तीला होऊ शकतो. खोकला रेंगाळत असेल तर तपासणी करूनच निघावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा, कारण मार्च-एप्रिलमध्ये त्या भागात शेते आणि रान पेटवल्याचा धूर कोंडलेला असतो.